ऑलिम्पिकचे सतरा दिवस आणि शहरातील मोटारी

मोठा क्रीडामहोत्सव भरवणाऱ्या शहरापुढे वाहतुकीचा प्रश्न काहीशा विचित्र रूपात उभा राहतो. रस्ते तेच, पूल तेच, लोहमार्ग फार तर एखाददुसरा वाढलेला. आणि त्यांच्यावर दोन-अडीच आठवडे रोज लाखो जादा फेऱ्यांचा भार. एवढ्या थोड्या दिवसांसाठी नवे महामार्ग बांधणे कोणत्याही नगरपालिकेला परवडत नाही, आणि बांधले तरी ते लवकरच नेहमीच्या गाड्यांनी भरून जातात हा जगभरचा अनुभव आहे. म्हणून १९८४ पासून बहुतेक यजमान शहरांनी उलट्या बाजूने विचार केला आहे. जादा वाहनांसाठी जागा शोधण्यापेक्षा रोजची वाहने काही काळ घरीच ठेवायला लावणे, असे त्या विचाराचे सार.

रस्त्यावर येणारे लोक या काळात तीन प्रकारचे असतात. पहिला गट खेळाडू, पंच, पदाधिकारी आणि पत्रकारांचा. त्यांना वेळेवर पोहोचवण्याची हमी यजमान शहराने करारातच दिलेली असते. दुसरा गट प्रेक्षकांचा. हातात तिकीट असल्यामुळे त्यांचा दिवस, वेळ आणि ठिकाण आधीच ठाऊक असते. तिसरा आणि सर्वांत मोठा गट शहरातील रहिवाशांचा, ज्यांना सामन्यांशी कर्तव्य नसते, पण कामावर जायचे असते, दुकानात माल पोहोचवायचा असतो, मुलाला दवाखान्यात न्यायचे असते. पहिल्या गटासाठी राखीव मार्गिका आखल्या जातात, दुसऱ्यासाठी रेल्वे आणि बसगाड्या वाढवल्या जातात. खरी परीक्षा तिसऱ्या गटाची असते, कारण त्याच्यावर ना करार लागू असतो ना तिकीट.

हे मुळात साधते कसे, ते समजण्यासाठी एक आकडा पुरेसा आहे. महामार्गाच्या एका मार्गिकेतून तासाला साधारण दोन हजार गाड्या जाऊ शकतात. त्या मर्यादेजवळ पोहोचल्यावर थोड्याशा जादा गाड्यांनीही प्रवाह मोडतो, वेग कोसळतो आणि तीच मार्गिका आधीपेक्षा कमी गाड्या वाहून नेऊ लागते. याचा अर्थ उलट दिशेनेही खरा आहे. गर्दीच्या तासातील दहापैकी एखादी गाडी कमी झाली तरी कोंडी बऱ्याच अंशी सुटते. शहर रिकामे करण्याची गरज नसते. गर्दीच्या दोन तासांचे टोक थोडे बोथट केले की पुरते.

लॉस एंजेलिस, १९८४

हा धडा पहिल्यांदा स्पष्टपणे मिळाला तो ज्या शहरात कोणालाही अपेक्षा नव्हती तिथे. १९८४ साली लॉस एंजेलिसमध्ये शहरी रेल्वेचा एकही मार्ग नव्हता. पहिला, ब्लू लाइन, सुरू व्हायला १९९० उजाडले. जे काही करायचे ते बसगाड्या आणि मनधरणी यांच्या जोरावर. महापौर टॉम ब्रॅडली यांच्या प्रशासनाने कंपन्यांना कामाच्या वेळा मागेपुढे करण्याची, कर्मचाऱ्यांना त्याच दिवसांत रजा देण्याची विनंती केली. मालमोटारींना रात्री माल पोहोचवायला सांगितले. काही रस्ते एकदिशा केले. कोलिझियम क्रीडागाराच्या परिसरात संगणकाने सिग्नल नियंत्रित करणारी यंत्रणा त्याच वर्षी बसवली गेली, आणि पुढे ती शहरभर पसरली.

वर्तमानपत्रांनी महाकोंडीचे भाकीत केले होते. प्रत्यक्षात फ्रीवे इतके मोकळे धावले की जुने रहिवासी आजही त्या पंधरवड्याची आठवण काढतात. मात्र त्यातली एक बाब क्वचित सांगितली जाते. सुरुवातीच्या दिवसांत लोक घाबरून घरी राहिले; रस्ते मोकळे असल्याची बातमी पसरली तशा गाड्या हळूहळू परतल्या. तरीही कोंडी झाली नाही, कारण कामाच्या वेळा आणि मालवाहतूक विखुरलेलीच राहिली. भीती चार दिवस टिकते, वेळापत्रक मात्र पंधरवडाभर टिकते.

अटलांटा, १९९६

१९ जुलै ते ४ ऑगस्ट १९९६ या सतरा दिवसांत अटलांटामध्ये जे घडले त्याची चर्चा वाहतूकतज्ज्ञांपेक्षा डॉक्टरांनी अधिक केली. स्पर्धेची अनेक ठिकाणे शहराच्या मध्यभागात होती. तो भाग खासगी मोटारींना बंद करण्यात आला, मार्टा ही स्थानिक रेल्वे-बससेवा चोवीस तास चालवण्यात आली, सुमारे एक हजार जादा बसगाड्या आणल्या गेल्या आणि कंपन्यांना घरून काम व बदलत्या वेळा यांचा आग्रह धरण्यात आला. घरून काम करणे ही त्या काळात, जेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून कुरकुरत येत असे, लहान गोष्ट नव्हती.

व्यवस्थापनाचे वाभाडेही निघाले. इतर शहरांतून आणलेल्या बसचालकांना अटलांटाचे रस्ते माहीत नव्हते. खेळाडूंच्या बसगाड्या वाट चुकल्या, काही खेळाडू सामन्याला जेमतेम पोहोचले. पण सामान्य रस्त्यांवर दृश्य वेगळे होते. कामाच्या दिवशी सकाळच्या सर्वाधिक गर्दीच्या तासातील वाहनसंख्या २२.५ टक्क्यांनी घटली. दिवसभराची एकूण वाहतूक त्या मानाने फारच थोडी कमी झाली. लोकांनी प्रवास टाळला त्यापेक्षा तो पुढे-मागे ढकलला, असाच त्याचा अर्थ निघतो.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात या सतरा दिवसांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. स्पर्धेपूर्वीच्या आणि नंतरच्या चार-चार आठवड्यांशी तुलना करून संशोधकांनी दाखवले की हवेतील ओझोनची दैनंदिन कमाल पातळी ८१.३ वरून ५८.६ अब्जांश भागांवर, म्हणजे जवळपास २८ टक्क्यांनी उतरली. मेडिकेड या सरकारी विमायोजनेच्या नोंदींत मुलांच्या दम्याच्या तातडीच्या उपचारांची संख्या दिवसाला ४.२३ वरून २.४७ झाली, घट ४१.६ टक्के. दम्याव्यतिरिक्त अन्य कारणांनी होणाऱ्या उपचारांत तशी घट आढळली नाही. मोटारी कमी, ओझोन कमी, मुलांचा दमा कमी, अशी ही सरळ साखळी होती. पुढील दशकभर ती नगररचनेच्या प्रत्येक चर्चेत उद्धृत होत राहिली आणि आजही होते.

उद्धृत करणाऱ्यांपैकी फार थोडे लोक पुढची गोष्ट सांगतात. २०१० साली हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटने प्रसिद्ध केलेल्या पुनर्तपासणीत संशोधकांनी दोन साधे प्रश्न विचारले. ओझोन फक्त अटलांटातच उतरला होता का? आणि इतर वर्षी त्याच दिवसांत काय होत असे? पहिल्याचे उत्तर असे आले की अमेरिकेच्या आग्नेय भागातील, ऑलिम्पिकशी काहीही संबंध नसलेल्या शहरांतही त्या आठवड्यांत ओझोन साधारण तेवढाच उतरला होता. म्हणजे हवामानाचा वाटा मोठा होता. दुसऱ्याचे उत्तर असे की जुलैअखेर मुलांचा दमा दरवर्षीच कमी असतो आणि शाळा सुरू झाल्यावर वाढतो. हे ऋतुचक्र हिशेबात घेतल्यावर आणि अधिक रुग्णालयांच्या नोंदी तपासल्यावर तातडीच्या उपचारांतील घट जवळजवळ दिसेनाशी झाली.

यावरून मोटारींचा धूर निरुपद्रवी आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. ओझोन हा नळीतून थेट बाहेर पडणारा वायू नाही. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि बाष्पनशील कार्बनी संयुगे यांच्यावर उन्हाची प्रक्रिया होऊन तो तयार होतो, आणि जॉर्जियासारख्या दाट झाडीच्या प्रदेशात त्या संयुगांचा मोठा पुरवठा झाडेच करतात. त्यामुळे वाहनसंख्या आणि ओझोन यांचे नाते सरळ रेषेचे नसते. नियोजकांच्या दृष्टीने मात्र वाहतुकीतील २२.५ टक्क्यांचा आकडाच महत्त्वाचा आहे.

सिडनी आणि बीजिंग

सिडनीने २००० साली एक निर्णय घेतला जो नंतर जवळपास नियमच बनला. मुख्य क्रीडासंकुलाजवळ प्रेक्षकांच्या गाड्यांसाठी वाहनतळच ठेवायचा नाही, आणि सामन्याच्या तिकिटातच रेल्वे-बसचे भाडे समाविष्ट करायचे. ऑलिम्पिक पार्क हे स्थानक १९९८ मध्ये उघडले होते आणि तासाला ५० हजार प्रवासी हाताळण्याच्या हिशेबाने ते बांधलेले होते. २५ सप्टेंबरच्या रात्री कॅथी फ्रीमनची ४०० मीटरची शर्यत पाहायला १,१२,५२४ प्रेक्षक जमले. एवढा समुदाय मोटारींनी आला असता तर गाड्या लावायलाच किती एकर जमीन लागली असती, हा हिशेब वाचकांनी करून पाहावा.

बीजिंगने मनधरणीचा मार्ग घेतलाच नाही. २० जुलै ते २० सप्टेंबर २००८ या काळात गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा अंक सम असेल तर सम तारखेला आणि विषम असेल तर विषम तारखेलाच ती रस्त्यावर आणण्याची मुभा होती. जवळजवळ ३३ लाख वाहनांच्या शहरात हा नियम आदेशाने अमलात आला, आणि आदल्या दिवशी भुयारी रेल्वेचे नवे मार्गही सुरू करण्यात आले. कारखानेही बंद ठेवले गेल्यामुळे स्वच्छ हवेचे श्रेय एकट्या मोटारींना देता येत नाही. तरी त्या हवेचा परिणाम मोजला गेला आहे. ज्या मातांचा गर्भारपणाचा आठवा महिना या काळात आला, त्यांची बाळे आदल्या आणि पुढच्या वर्षीच्या त्याच दिवसांतील बाळांपेक्षा सरासरी २३ ग्रॅमनी वजनदार होती, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

सम-विषम हा उपाय दिल्लीने जानेवारी २०१६ मध्ये पंधरा दिवस वापरला, तेव्हापासून भारतीय वाचकांना तो परिचित आहे. थोड्या दिवसांसाठी तो चालतो. कायम केला तर काय होते, याचे उदाहरण मेक्सिको सिटीचे आहे. तिथे १९८९ पासून प्रत्येक गाडीला आठवड्यातून एक दिवस बंदी होती. लोकांनी वेगळ्या क्रमांकाची दुसरी, बहुधा जुनी आणि अधिक धूर ओकणारी गाडी घेतली. बीजिंगने ऑक्टोबर २००८ पासून आठवड्यातून एक दिवसाचाच नियम ठेवला, पण २०११ पासून नव्या नोंदणीसाठी सोडत सुरू करून ही पळवाट अरुंद केली.

लंडन, २०१२

लोकशाही शहरात, आदेशाविना, मोठ्या प्रमाणावर प्रवास बदलता येतो का, या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर लंडनने दिले. अधिकृत वाहनांसाठी १०९ मैलांचे रस्त्यांचे जाळे निश्चित झाले. त्यापैकी सुमारे ३० मैलांवर राखीव मार्गिका रंगवल्या गेल्या आणि त्यांत शिरणाऱ्याला १३० पौंड दंड ठेवला. लंडनकरांनी त्यांना सोव्हिएत काळातील बड्या अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरून ‘झिल मार्गिका’ असे नाव दिले. आपल्याला या मार्गिकांत प्रवेश नाही म्हणून टॅक्सीचालकांनी निदर्शने केली, आणि त्यांची तक्रार पूर्णपणे गैरलागू नव्हती: पदाधिकाऱ्यांच्या मोटारीपेक्षा टॅक्सीतून दिवसाकाठी कितीतरी अधिक माणसे जातात.

या मार्गिकांची चर्चा खूप झाली, पण काम केले ते एका प्रचारमोहिमेने. प्रवास कमी करा, वेळ बदला, साधन बदला किंवा मार्ग बदला, असे चार पर्याय तिने लोकांपुढे ठेवले. यात कौतुकाची बाब म्हणजे तपशील. कोणत्या स्थानकावर, कोणत्या दिवशी, कोणत्या अर्ध्या तासात किती गर्दी होईल याचे अंदाज आधीच जाहीर करण्यात आले होते. ‘गर्दी टाळा’ असे मोघम सांगण्याऐवजी ‘मंगळवारी संध्याकाळी लंडन ब्रिज टाळा’ या धर्तीवर सांगितले की माणूस ऐकतो. मोठ्या कंपन्यांना त्यांच्या कार्यालयाच्या जागेनुसार सल्ला दिला गेला, व्हाइटहॉलमधील सरकारी खात्यांनी फेब्रुवारीतच घरून कामाची रंगीत तालीम घेतली, दुकानांचा माल रात्री उतरवण्याची व्यवस्था झाली. प्रेक्षकांच्या तिकिटाबरोबर त्या दिवसाचा प्रवासपास मिळत होता आणि सेंट पॅन्क्रासहून स्ट्रॅटफर्डला जाणारी जॅव्हलिन गाडी सात मिनिटांत पोहोचत होती.

भुयारी रेल्वेने त्या पंधरवड्यात एका दिवसात ४५ लाखांहून अधिक प्रवासी वाहिले, जो तोवरचा विक्रम होता. दर कामाच्या दिवशी तिघांपैकी साधारण एका प्रवाशाने आपला प्रवास काही ना काही बदलला.

मोहिमेला अतियशाचा शापही लागला. महापौर बोरिस जॉन्सन यांच्या आवाजातील इशारे स्थानकांवर सतत ऐकवले जात होते. परिणामी पहिल्या आठवड्यात वेस्ट एंडमधील दुकाने, नाट्यगृहे आणि उपाहारगृहे ओस पडली, व्यापाऱ्यांनी ओरड केली आणि सूर बदलावा लागला. मोटारी कमी करायच्या, पण माणसे कमी होऊ द्यायची नाहीत, हे संतुलन त्या आठवड्यात थोडे बिघडले होते.

लोक स्पर्धेनंतरही बदललेली सवय ठेवतात का? याचा सर्वांत नेमका पुरावा लंडनमधलाच आहे, मात्र तो ऑलिम्पिकचा नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये भुयारी रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनी दोन दिवस संप केला आणि काही स्थानके बंद राहिली. प्रवासकार्डांच्या नोंदी तपासणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना आढळले की नाइलाजाने दुसरा मार्ग धरलेल्यांपैकी सुमारे पाच टक्के लोक संप मिटल्यावरही त्याच नव्या मार्गाने जात राहिले. आपला रोजचा मार्ग सर्वोत्तम आहे असे आपण गृहीत धरलेले असते. बहुतेकांनी तो कधी तपासलेला नसतो. पाच टक्के ही संख्या लहान आहे, पण गर्दीच्या तासाचे गणित लक्षात घेतले तर क्षुल्लक नाही.

पॅरिसने पुढे नेलेले काम

पॅरिसने २०२४ मध्ये सुमारे १८५ किलोमीटर राखीव मार्गिका आखल्या, सर्व प्रेक्षकांनी रेल्वेने, सायकलने किंवा पायी यावे अशी आखणी केली आणि चौदाव्या क्रमांकाची मेट्रो स्पर्धेच्या महिनाभर आधी ऑर्ली विमानतळापर्यंत नेली. एका बाबतीत मात्र ते लंडनच्या मागे राहिले. यजमानपदाच्या प्रस्तावात प्रेक्षकांना मोफत प्रवासाचे आश्वासन होते. ते मागे घेतले गेले आणि स्पर्धेच्या काळात मेट्रोचे सुटे तिकीट २.१५ वरून ४ युरोंवर नेण्यात आले. मासिक पासधारकांना त्याची झळ लागली नाही, पाहुण्यांना लागली.

पण स्पर्धा संपल्यावर काय उरवायचे याचा विचार पॅरिसइतका कोणी केलेला नाही. वळसामार्गावरील वेगमर्यादा १ ऑक्टोबर २०२४ पासून ताशी ५० किलोमीटर झाली, नोव्हेंबरमध्ये शहराच्या मध्यभागात केवळ पलीकडे जाण्यासाठी शिरणाऱ्या गाड्यांना मनाई झाली, आणि मार्च २०२५ पासून वळसामार्गावरची ऑलिम्पिकची मार्गिका एकाहून अधिक प्रवासी असलेल्या गाड्यांसाठी राखून ठेवण्यात आली. रंगवलेली मार्गिका पुसून टाकण्यापेक्षा तिचा धनी बदलणे स्वस्त पडते.

क्रीडागार कुठे आहे

वरील सर्व उपायांची मर्यादा एका गोष्टीत असते, ती म्हणजे क्रीडागाराची जागा. याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. मुंबईचे वानखेडे चर्चगेट आणि मरीन लाइन्स या स्थानकांच्या मध्ये आहे. विरारहून सामना पाहायला येणारा माणूस गाडी कुठे लावायची याचा विचारच करत नाही. त्यासाठी कोणा महापौराला मोहीम काढावी लागलेली नाही. पुण्यातले जुने सामने स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर होत, आणि निम्मे शहर पायी किंवा दुचाकीवर येई. २०१२ पासून ते गहुंजेला, द्रुतगती मार्गाच्या कडेला गेले आणि प्रत्येक मोठ्या सामन्याला महामार्गावर गाड्यांच्या रांगा हे ठरलेले दृश्य झाले.

न्यू जर्सीतील वाचकांना याचाच दुसरा पैलू आठवत असेल. २ फेब्रुवारी २०१४ रोजी मेटलाइफ क्रीडागारात झालेल्या सुपर बोलसाठी वाहनतळ मुद्दाम आवळला होता, पायी येण्यास व टॅक्सीने उतरण्यास मनाई होती आणि सार्वजनिक वाहतुकीचा गाजावाजा झाला होता. अपेक्षेच्या जवळपास दुप्पट, २८ हजारांच्या आसपास लोक रेल्वेने आले. सिकॉकसच्या स्थानकात ते कोंडले गेले, काहींना भोवळ आली, आणि सामना संपल्यावर तासन्‌तास खोळंबा झाला. मोटारीचा दरवाजा बंद करताना दुसरा दरवाजा पुरेसा रुंद आहे का, हे पाहायचे राहून गेले होते.

लॉस एंजेलिस, २०२८

महापौर कॅरेन बॅस यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये ‘मोटारविरहित’ स्पर्धेची घोषणा केली. त्यानंतर ‘सार्वजनिक वाहतुकीला प्राधान्य’ असे सौम्य शब्द वापरले जाऊ लागले. हा बदल वास्तवाला धरूनच आहे. देशभरातील वाहतूक संस्थांकडून अडीच हजारांहून अधिक बसगाड्या उसन्या आणण्याची योजना आहे, आणि त्यांच्यासाठी चालक, आगार व रस्त्यांवर राखीव मार्गिका मिळवणे हे गाड्या मिळवण्यापेक्षा अवघड ठरेल. अटलांटाच्या वाट चुकलेल्या बसगाड्या नियोजकांनी विसरता कामा नयेत.

मराठी वाचकांच्या दृष्टीने महत्त्वाची बाब म्हणजे क्रिकेट. १९०० नंतर प्रथमच ऑलिम्पिकमध्ये परतणारा हा खेळ शहराच्या मध्यभागापासून सुमारे ५० किलोमीटर पूर्वेला, पोमोना येथील जत्रामैदानावर उभारल्या जाणाऱ्या तात्पुरत्या मैदानात होणार आहे. सामने १२ जुलै २०२८ रोजी, म्हणजे उद्घाटन सोहळ्याच्या दोन दिवस आधी सुरू होतील. १९ सप्टेंबर २०२५ रोजी ए लाइन ही रेल्वे पोमोनापर्यंत पोहोचली आणि ला व्हर्न हे तिचे स्थानक मैदानाला लागूनच आहे. १९९० साली सुरू झालेल्या ब्लू लाइनचाच हा विस्तार. मेट्रोलिंकचा सॅन बर्नार्डिनो मार्गही तिथूनच जातो.

लॉस एंजेलिसच्या मध्यभागातून किंवा पासाडीनाहून निघणाऱ्याला रेल्वे सोयीची आहे. इर्व्हाइन किंवा सेरिटोस परिसरातून, जिथे भारतीयांची मोठी वस्ती आहे, पोमोनाला थेट रेल्वे नाही. मध्यभागी जाऊन परतावे लागते, आणि त्यापेक्षा सत्तावन्न क्रमांकाचा महामार्ग कोणालाही जवळचा वाटेल. भारताचा सामना असेल त्या दिवशी त्या महामार्गाचे काय होईल, हे ऑरेंज काउंटीतून थेट बसगाड्या सुटतात की नाही यावर अवलंबून राहील. तिथल्या मराठी मंडळांनी त्यासाठी वाहतूक प्राधिकरणाकडे आताच मागणी नोंदवावी. स्पर्धेच्या बसमार्गांचा आराखडा निश्चित झाल्यावर त्यात बदल करून घेणे कठीण जाईल.